कृष्णविवर आणि एक राहून गेलेले उत्तर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी ‘एखाद्या शास्त्रीय विषयावर चार शब्द सांगा’ अशी आज्ञा केली, तेव्हा आमच्या मनात प्रथम संकोच उत्पन्न झाला. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे उभा जन्म शाळेत मुले शिकविण्यात गेला खरा. परंतु विद्यार्थी म्हणून महाविद्यालयाची पायरी आम्ही कधी चढलो नाही. अशा माणसाने कृष्णविवरासारख्या गहन विषयावर बोलावयास उभे राहणे हे धाडसच म्हणावयाचे. तथापि हा विषय आम्ही पांडित्य मिरविण्यासाठी निवडलेला नाही. एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडून द्यावयाचे राहून गेले आहे. ते ऋण आज आपणा सर्वांच्या साक्षीने फेडावे, एवढाच आमचा हेतू आहे.

सन २००८ च्या सप्टेंबर महिन्यातील ही गोष्ट. युरोपात जिनिव्हा शहराजवळ जमिनीखाली बांधलेले २७ किलोमीटर परिघाचे एक प्रचंड यंत्र १० सप्टेंबर रोजी सुरू व्हावयाचे होते. त्या यंत्रात कृष्णविवर उत्पन्न होईल आणि ते साऱ्या पृथ्वीला गिळून टाकील, अशी आवई दूरचित्रवाणीच्या काही वाहिन्यांनी उठविली. आमच्या शाळेतील मुले भेदरून गेली. त्या गोंधळात सातवीच्या वर्गातील एक मुलगी उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “गुरुजी, प्रकाशाला वजन नसते असे तुम्हीच शिकवले. मग कृष्णविवर प्रकाशाला ओढते कसे?”

आम्हास उत्तर ठाऊक नव्हते. आणि ‘आम्हास ठाऊक नाही’ असे म्हणण्याचे धैर्यही आमच्यापाशी नव्हते. आम्ही म्हणालो, “बस खाली. हे परीक्षेत येत नाही. उगाच शहाणपण नको.” वर्ग हसला, आणि सांगावयास लाज वाटते, वर्गाबरोबर आम्हीही हसलो. ती मुलगी वर्षअखेरपर्यंत आमच्याच वर्गात होती. गृहपाठ वेळेवर, अक्षर मोत्यासारखे. परंतु तिचा हात पुन्हा वर गेला नाही.

निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा गावच्या वाचनालयात आम्ही जयंत नारळीकरांची मराठी पुस्तके वाचावयास घेतली. वाचता वाचता आमच्या ध्यानात आले की, ज्या शंकेला आम्ही हसलो ती शंका पोरकट तर नव्हतीच. उलट याच शंकेपाशी मोठमोठे विद्वान अडखळले होते. ती हकीकत आता क्रमाने सांगतो.

आपण चेंडू वर फेकला तर तो खाली येतो. अधिक जोराने फेकला तर अधिक उंच जाऊन खाली येतो. परंतु दर सेकंदास सुमारे ११ किलोमीटर इतक्या वेगाने एखादी वस्तू पृथ्वीवरून सुटली आणि हवेचा अडथळा जमेस धरला नाही, तर ती पुन्हा परत येणार नाही. यास मुक्तिवेग म्हणतात. सूर्याच्या पृष्ठभागावरून सुटावयाचे तर सेकंदास सुमारे ६१८ किलोमीटर वेग हवा. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे ३ लाख किलोमीटर असल्यामुळे तो सूर्यापासून सहज निसटतो व आपल्या अंगणात ऊन पडते. इंग्लंडातील जॉन मिचेल नावाच्या एका विद्वान धर्मोपदेशकाने १७८३ साली विचार केला की, सूर्याइतक्याच घनतेचा परंतु व्यासाने सूर्याच्या ५०० पट असा तारा असेल तर काय होईल? त्याच्या हिशेबाने त्या ताऱ्यावरील मुक्तिवेग प्रकाशाच्या वेगाहून अधिक भरला. तेव्हा असा तारा कितीही तेजस्वी असो, आपणास तो दिसावयाचा नाही, असे अनुमान त्याने काढले. पुढे १७९६ साली फ्रान्समधील लाप्लास या गणितज्ञानेही स्वतंत्रपणे तोच विचार मांडला.

मात्र मिचेलने प्रकाश म्हणजे बारीक कणांचा वर्षाव आहे असे धरले होते. एकोणिसाव्या शतकात प्रकाश हा लहरींच्या स्वरूपाचा आहे असे प्रयोगांनी दिसून आले, आणि मग प्रश्न उभा राहिला की, लहरीला गुरुत्वाकर्षण ओढणार कसे? या शंकेचे निरसन न झाल्याने ती कल्पना शंभरावर वर्षे बाजूला पडून राहिली. आमच्या वर्गातील मुलीने विचारले ते याहून फारसे निराळे नव्हते.

याचे उत्तर १९१५ च्या नोव्हेंबरात आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी दिले. ते समजण्यास आपल्या स्वयंपाकघरातील एक लाल भोपळा पुरे. भोपळ्याच्या मध्यावर, एकमेकींपासून चार बोटे अंतरावर, दोन मुंग्या ठेवल्या आहेत अशी कल्पना करा. दोघीही देठाच्या दिशेने नाकासमोर सरळ चालू लागल्या. कोणी डावीकडे वळली नाही, कोणी उजवीकडे वळली नाही. तरीही त्या हळूहळू जवळ येत येत अखेर देठापाशी एकमेकींस भेटतात. आता त्यांना एकमेकींकडे कोणी ओढले काय? कोणीही ओढले नाही. त्या ज्यावरून चालत होत्या तो पृष्ठभागच वक्र होता, इतकेच.

आइन्स्टाइन यांचे म्हणणे असे की, गुरुत्वाकर्षण हे दोरीने ओढण्यासारखे नाहीच. जड वस्तू आपल्या भोवतालचे अवकाश आणि काळ यांस वक्र करते. त्या वक्र अवकाशातून प्रकाश आपल्या परीने सरळच जातो. परंतु वाटच वळलेली असल्यामुळे तोही वळतो. त्याला वजन असण्याची गरज नाही. वस्तुमान जितके मोठे आणि जितक्या लहान जागेत कोंबलेले, तितकी ही वक्रता अधिक. ती एका मर्यादेपलीकडे गेली की, आतून बाहेर जाणारी एकही वाट शिल्लक राहत नाही. पुढे जाणारी प्रत्येक वाट आतच जाते. या मर्यादेस घटना-क्षितिज म्हणतात आणि त्याच्या आतील प्रदेशास कृष्णविवर. ‘प्रकाशाला कोण ओढते?’ या प्रश्नाचे उत्तर, ‘कोणीही ओढत नाही, परतीची वाटच उरत नाही’, असे आहे. बाळे, तू जिथे असशील तिथे हे उत्तर तुला पोहोचो.

ही मर्यादा किती, हे कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन ज्योतिर्विदाच्या गणितातून निघते. पहिल्या महायुद्धात रशियाच्या आघाडीवर सैन्यात असतानाच त्याने आइन्स्टाइनची समीकरणे सोडविली व डिसेंबर १९१५ मध्ये ते उत्तर आइन्स्टाइनकडे पाठविले. पुढील मे महिन्यात तो आजाराने निवर्तला. त्याच्या गणिताप्रमाणे, सूर्याचे कृष्णविवर व्हावयाचे तर तो सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात दाबला गेला पाहिजे. आणि आपली ही सारी पृथ्वी सुमारे ९ मिलिमीटर त्रिज्येच्या, म्हणजे मोठ्या बोराएवढ्या गोळीत.

प्रकाश खरोखर वळतो काय, याची परीक्षा १९१९ साली झाली. २९ मे रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी आर्थर एडिंग्टन हे इंग्रज शास्त्रज्ञ आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेटावर गेले, व दुसरी एक तुकडी ब्राझीलमधील सोब्राल येथे गेली. सूर्याच्या कडेजवळ दिसणारे तारे आपल्या मूळ जागेपासून किंचित सरकलेले आढळले, आणि आइन्स्टाइनचे नाव जगभर झाले. एडिंग्टन यांचे नाव कृपया ध्यानात ठेवावे. पुढील कथेत ते पुन्हा यावयाचे आहेत.

आता प्रश्न असा की, एवढ्या मोठ्या ताऱ्यास इतक्या लहान जागेत दाबणार कोण? ताऱ्याचे स्वतःचे वजनच ते काम करते. सूर्याच्या गाभ्यात दर सेकंदास सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते. त्या उष्णतेचा बाहेरचा दाब आणि वजनाचा आतला दाब यांचा तोल आहे, म्हणून सूर्य स्थिर आहे. इंधन संपले की तोल बिघडतो व गाभा आकसू लागतो. सूर्यासारख्या ताऱ्याचा गाभा अखेर पृथ्वीएवढा होऊन थांबतो. त्यास श्वेत बटू म्हणतात. त्यास थांबविणारे असतात इलेक्ट्रॉन. एका आसनावर एकच प्रवासी, असा त्यांचा कडक नियम आहे. त्यामुळे त्यांस एका मर्यादेपलीकडे कोंबू गेल्यास ते प्रतिकार करतात. तेव्हाच्या शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की, प्रत्येक तारा अखेर याच रीतीने शांत होतो.

या समजुतीस धक्का दिला तो आपल्याच देशातील एका एकोणीस वर्षांच्या तरुणाने, आणि तोही आपल्या मुंबई बंदरातून निघालेल्या बोटीवर. त्याचे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन तो ३१ जुलै १९३० रोजी उच्च शिक्षणासाठी मुंबईहून विलायतेस निघाला. त्या प्रवासात त्याने गणित मांडले. दाबलेले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावू लागतात, ही गोष्ट त्याने हिशेबात घेतली, आणि त्यास आढळले की, अशा स्थितीत त्यांचा प्रतिकार अपुरा पडतो. पुढे केंब्रिज येथे हे गणित त्याने पूर्णत्वास नेले. सूर्याच्या सुमारे १.४ पटीहून अधिक वस्तुमानाचा श्वेत बटू टिकूच शकत नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला. मग त्याहून जड गाभ्याचे होते काय?

११ जानेवारी १९३५ रोजी लंडन येथे रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत चंद्रशेखर यांनी आपला निबंध सादर केला. त्यांचे वय तेव्हा चोवीस. त्यांच्यामागून एडिंग्टन बोलावयास उभे राहिले. त्यांचे वय बावन्न, कीर्ती जगभर. त्या आधीचे कित्येक महिने ते या तरुणाच्या खोलीवर जाऊन त्याची आकडेमोड आपुलकीने पाहत असत. मात्र आपण सभेत काय बोलणार आहोत याचा सुगावा त्यांनी लागू दिला नव्हता. त्यांनी सांगितले की, हे गणित खरे मानले तर तारा आकसत आकसत काही किलोमीटरचा होईल आणि अखेर त्यातून प्रकाशही बाहेर पडणार नाही. असा विपरीत प्रकार निसर्ग होऊ देणार नाही, सबब गणिताचा पायाच चुकीचा असला पाहिजे. सभा हसली.

श्रोतेहो, यातील दुर्दैव पाहा. कृष्णविवर कसे होते, याचे अचूक वर्णन एडिंग्टन यांनी त्या दिवशी केले. परंतु ते केले थट्टेसाठी. प्रकाश वळतो हे ज्यांनी स्वतः जगास दाखविले, त्यांनीच तो कायमचा अडकेल ही गोष्ट मानण्याचे नाकारले. काही थोर भौतिकशास्त्रज्ञांनी चंद्रशेखर यांस खाजगीत कळविले की, चूक एडिंग्टन यांची आहे. परंतु जाहीरपणे कोणी बोलेना. मोठ्या नावापुढे खरे गणित एकटे पडले. ही हकीकत आम्ही प्रथम वाचली, तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. आमच्या सातवीच्या वर्गातील ते हसणे आम्हास ऐकू येऊ लागले. एडिंग्टन यांच्या विद्वत्तेचा शतांशही आमच्यापाशी नाही. परंतु त्यांची ती एक चूक मात्र आम्ही हुबेहूब केली होती.

चंद्रशेखर यांनी कटुता धरली नाही. ते अमेरिकेस गेले, त्या विषयावर १९३९ साली ग्रंथ लिहिला व दुसऱ्या संशोधनाकडे वळले. त्याच वर्षी ओपेनहायमर आणि स्नायडर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी, पुरेसा जड तारा आकसताना कोठेच न थांबता घटना-क्षितिजाच्या आत नाहीसा होतो, असे गणिताने दाखविले. १९८३ साली चंद्रशेखर यांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी कृष्णविवरांच्या गणितावरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एडिंग्टन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९८२ साली केंब्रिज येथे व्याख्याने देण्यास तेच गेले, आणि त्यांनी आदराने त्या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञाची थोरवी गायिली. बोटीवरील गणितापासून नोबेलपर्यंत त्रेपन्न वर्षे लोटली होती. आपल्यापैकी किती जणांची उमेद इतकी टिकेल?

आता पुरावा काय, असे कोणी विचारील. कृष्णविवर दिसत नाही. परंतु त्याचे शेजारी दिसतात. आपल्या आकाशगंगेचे केंद्र धनू राशीच्या दिशेस सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे. आषाढातील निरभ्र रात्री दक्षिणेकडे वृश्चिकाची शेपटी शोधावी. तिच्या पूर्वेस धनू आहे. त्या केंद्रापाशी एक तारा दर १६ वर्षांनी एका अदृश्य जागेभोवती फेरी पुरी करताना आढळला. त्या व शेजारच्या ताऱ्यांच्या गतीवरून तेथे सुमारे ४० लाख सूर्यांचे वस्तुमान एकवटलेले आहे असे सिद्ध झाले. या कामाबद्दल गेन्झेल आणि श्रीमती गेझ यांस, व कृष्णविवरांच्या गणिताबद्दल पेनरोझ यांस, २०२० चे नोबेल देण्यात आले. पेनरोझ यांच्या त्या गणितास कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांचे १९५५ सालचे समीकरण आधारभूत ठरले होते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो या वेधयंत्रांनी तर याहून नवलाची गोष्ट टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. त्या वेळी सुमारे ३ सूर्यांइतके वस्तुमान गुरुत्वीय लहरींच्या रूपाने विश्वात पसरले, आणि त्या लहरींचा क्षीण कंप येथवर पोहोचला. पुढे १० एप्रिल २०१९ रोजी कन्या तारकासमूहातील एका दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. तेजस्वी वलय आणि मध्ये काळी छाया. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राचे तसेच चित्र १२ मे २०२२ रोजी जगाने पाहिले. निसर्ग होऊ देणार नाही असे जे एडिंग्टन यांस वाटले, ते निसर्गाने ठायी ठायी केलेले आहे.

मुलांच्या भीतीचेही निरसन करणे अगत्याचे आहे. कृष्णविवर म्हणजे साऱ्या विश्वास शोषून घेणारा राक्षस नव्हे. उद्या सूर्याच्या जागी सूर्याइतक्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, असे घटकाभर धरून चाला. सुमारे आठ मिनिटांनी येथे अंधार होईल आणि थंडीने आपण गारठून जाऊ; परंतु पृथ्वी आत ओढली जाणार नाही. ती आपल्या कक्षेतून पूर्वीसारखीच फिरत राहील. फार जवळ जाणाऱ्यासच धोका. आणि सूर्याचे कृष्णविवर कधी होणारही नाही, कारण तो त्या मानाने हलका आहे. राहिले जिनिव्हाचे यंत्र. त्यातील टकरींहून कितीतरी प्रबळ टकरी अंतराळातून येणारे कण आपल्या वातावरणात कोट्यवधी वर्षे करीत आले आहेत, आणि पृथ्वी जागच्या जागी आहे. हे चार शब्द आम्ही २००८ साली वर्गात सांगितले असते, तर मुले निर्धास्त झोपली असती.

या शास्त्राचा आपल्या प्रदेशाशी निकटचा संबंध आहे, हेही तरुणांनी जाणावे. लायगोसारखेच एक वेधयंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. ज्योतिर्लिंगाच्या यात्रेस आपण तेथे जातोच. आपल्यातील एखादा मुलगा वा मुलगी त्या यंत्रावर काम करण्यास जावी, अशी आमची इच्छा आहे. गोंगाटातून गुरुत्वीय लहरींचा संकेत वेचून काढण्याच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या आयुका या संस्थेतील संजीव धुरंधर यांनी पुष्कळ आधीपासून परिश्रम केले आहेत. त्या संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी आपणास सोडून गेले.

त्यांची एक गोष्ट सांगून हे भाषण आटोपते घेतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ नावाची कथा लिहिली. परंतु आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविली. त्या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. १९३५ साली लंडनच्या सभेत मोठे नाव खऱ्या गणितावर मात करून गेले. येथे एका मोठ्या माणसाने आपण होऊन आपले नाव बाजूस काढून ठेवले. वडीलधाऱ्यांनी कसे वागावे, याचा याहून चांगला वस्तुपाठ आम्हास ठाऊक नाही.

यावरून मंडळापुढे एक नम्र सूचना मांडतो. आपण दरवर्षी गुणांच्या टक्केवारीवर पारितोषिके देतो. ती अवश्य द्यावीत. परंतु पुढील वर्षापासून एक पारितोषिक उत्तम प्रश्नासही असावे. मुलांनी आपला प्रश्न कागदावर लिहून पाठवावा. त्यावर नाव नसावे, केवळ क्रमांक असावा, म्हणजे कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी, हे परीक्षकांस कळणार नाही. ज्ञातीतील शिक्षक, डॉक्टर, इंजिनियर मंडळींनी त्या प्रश्नांची उत्तरे या स्मरणिकेत द्यावीत. आणि जे ठाऊक नसेल तेथे ‘ठाऊक नाही, शोधून सांगतो’ असे मोकळेपणाने लिहावे. या कामी आमच्या निवृत्तिवेतनातून ५,००१ रुपयांची अल्प देणगी आम्ही चिटणीसांच्या हाती देत आहोत. ती त्यांनी गोड मानून घ्यावी.

ती विद्यार्थिनी आज कोठे आहे, आम्हास ठाऊक नाही. तिने विज्ञान शिकावयास घेतले की नाही, तेही कळले नाही. ही स्मरणिका घरोघरी जाते. न जाणो, एखाद्या घरी हे पान तिच्या हाती पडेल. तिने इतकेच समजावे की, तिचा प्रश्न बरोबर होता, आणि तिच्या गुरुजींचे हसणे चुकीचे होते.